उमराणींच्या नावावरची चार पुस्तकं

“सर, आता तुम्हीच सांगा, काय वाचू?”

शालन इंगवले काउंटरच्या पलीकडून विचारत होत्या. मार्च संपत आला होता. सकाळचे सव्वाआठ झाले होते, रांग अजून लागायची होती. परीक्षा जवळ आली की हा प्रश्न मला दर वर्षी पाचपन्नास मुलं विचारत. नेहमीप्रमाणेच मी लगेच उत्तर दिलं नाही. शिक्क्यातली तारीख बदलली, शाईचं पॅड उघडून ठेवलं आणि मग म्हणालो, “प्रकरणं किती आहेत?”

“आठ.”

“आणि झालीत किती?”

“तसं म्हटलं तर सगळी. खरं म्हटलं तर एकही नाही.” बाई हसल्या. “दोन वेळा सगळं वाचून बसले आणि दोन्ही वेळा नापास झाले. आता मात्र तुम्ही सांगाल तेवढंच वाचणार.”

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर होतो. पद ग्रंथालय सहायकाचं, पण मुलं ‘तेरदाळे सर’ म्हणत आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. परीक्षेच्या दोन महिन्यांत ग्रंथालय सकाळी सातला उघडायचं. वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत जागा पुरत नसे, म्हणून व्हरांड्यात बाकं टाकायचो. जी पुस्तकं एरवी कपाटाबाहेर निघत नसत तीही ओळखपत्र ठेवून घेऊन बसल्या जागी वाचायला द्यायचो. जुन्या प्रश्नपत्रिकांचे बांधीव गठ्ठे काउंटरलाच दोरीने बांधलेले असत, कारण मुलं पानं फाडून नेत. हे सगळं नियमात बसणारं होतं. पण मुलं माझ्याकडे खरी येत ती त्यासाठी नव्हे.

मुलं येत ती कार्डांसाठी. आमच्याकडे तेव्हा संगणक नव्हता. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला कागदाचा खिसा आणि खिशात एक कार्ड. पुस्तक कुणी नेलं की कार्डावर त्याचं नाव नि तारीख लिहून कार्ड माझ्या ट्रेमध्ये ठेवायचं, आणि परत आलं की नावावर रेघ मारून पुन्हा खिशात. असं वीस वर्षं केल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली होती. पेपर कोण काढणार हे गुपित असतं, पण पेपर काढणारा प्राध्यापक काही हवेतून प्रश्न काढत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तो येतो, एकदम तीन-चार पुस्तकं नेतो आणि आठवड्याभरात चारही एकदम परत आणतो. शिकवायला नेलेलं पुस्तक असं परत येत नसतं. ते एकदा गेलं की पत्रं पाठवावी लागतात.

एकदा इतिहासाच्या एका मुलाला मी गंमत म्हणून एक पुस्तक पुढं सरकवलं, “हे बघ जरा.” पेपरात त्यातले दोन प्रश्न आले. पुढल्या वर्षी त्याच्या खोलीतली सगळी मुलं आली. मी कधी कुणाला प्रश्न सांगितला नाही आणि कुणाचा साधा चहा घेतला नाही. मुलानं विचारायचं, मी रॅककडं जायचं, एक पुस्तक आणून काउंटरवर ठेवायचं. एवढंच. नऊ वर्षांत दोनदा चुकलो असेन, पण मुलांनी तेही माझ्या बाजूनंच धरलं.

इंगवलेबाईंच्या त्या परीक्षेच्या दोन वर्षं आधी माझी बायको, विमल, गेली. मुलगी लग्न होऊन तिच्या घरी होती. विमल गेली तेव्हा मी रडलो नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हता, आत काही हलतच नव्हतं. सकाळी उठायचो, ग्रंथालयात यायचो, कँटीनमध्ये जेवायचो, घरी जाऊन पडायचो. सणवार आले नि गेले, मुलगी येऊन गेली, मला कशाचंच काही वाटलं नाही. फक्त एखादा मुलगा पेपर देऊन पळत यायचा आणि लांबूनच हात वर करायचा, तेव्हा तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि तेसुद्धा तो दाराबाहेर जाईपर्यंत.

इंगवलेबाईंचं सगळं मला माहीत होतं. वय तीस-एकतीस. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात सात वर्षांची मुलगी. मुलींच्या निरीक्षणगृहात समुपदेशक म्हणून तात्पुरत्या कामाला. एम.ए.चे बाकी सगळे पेपर सुटले होते, मानसशास्त्राचा दुसरा पेपर तेवढा राहिला होता. त्यात तो अभ्यासक्रम बंद होत होता आणि एप्रिलची परीक्षा शेवटची होती. हा पेपर राहिला तर सुटलेले पेपरही फुकट, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. इकडे निरीक्षणगृहातली जागा कायम होणार होती. जुलैच्या आत जी एम.ए.चा कागद दाखवील तिला ती जागा आणि आवारातली दोन खोल्यांची क्वार्टर.

“भावाकडं आम्ही दोघी स्वयंपाकघरात झोपतो सर,” त्यांनी एकदा सांगितलं होतं. “वहिनी उठायच्या आत अंथरूण काढावं लागतं. तेजूला झोपेतच उभी करते. ती क्वार्टर मी बघून आलेय. आतून कडी आहे दाराला.”

तर त्या सकाळी मी उमराणी सरांच्या नावाची कार्डं मनात आणली. डॉ. उमराणी मानसशास्त्राचे जुने प्राध्यापक. दुसरा पेपर चार-पाच वर्षं तेच काढत होते, असा माझा हिशेब होता आणि तो कधी चुकला नव्हता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी चार पुस्तकं नेली होती. चारही एकाच विषयावरची, माणसाची स्मृती आणि विस्मरण. इंगवलेबाईंच्या आठ प्रकरणांत स्मृती एक होतं आणि विस्मरण दुसरं.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. आठवडा झाला, महिना झाला, पुस्तकं परत आली नव्हती. सर दोनदा येऊन मुदत वाढवून घेऊन गेले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला विचारलंही होतं, “तेरदाळे, या विषयावर आणखी काही आहे का आपल्याकडं? जुनं असलं तरी चालेल.” पेपर काढणारा माणूस असं विचारत नाही. त्याचं काम झालेलं असतं. हे मला कळत होतं. पण मी म्हटलं, उमराणी सर चोख माणूस, चोखपणे काढत असतील. त्या वर्षी माझा अंदाज बरोबर यायला हवा होता, दुसरं काही नाही.

मी उठलो आणि रॅकमधून स्मृतीवरचं मराठी पुस्तक आणून बाईंपुढं ठेवलं.

“हे नीट करा.”

“सगळं?”

“अथपासून इतिपर्यंत. दोन प्रश्न इथलेच. चाळीस मार्क इथंच आहेत.”

एरवी मी इतकं कधी बोलत नसे. बाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी उचललं.

“मग भावना आणि प्रेरणा, ही दोन प्रकरणं सोडू? तीच मला जड जातात.”

“वेळ किती मिळतो तुम्हाला?”

“सकाळी आठ ते अकरा. रविवार सबंध. पेपरच्या आधी तीन दिवस रजा टाकलीय.”

“मग सोडा,” मी म्हणालो.

पुढचे अठरा-वीस दिवस बाई रोज आठला येत, “येते हं सर” म्हणून वर जात आणि अकराला धावत खाली उतरत. वाटेत काउंटरशी थांबून काहीतरी सांगत. एकदा म्हणाल्या, “सर, माणूस सगळ्यात आधी कालचं विसरतो बघा. लहानपणचं शेवटपर्यंत राहतं.” एकदा म्हणाल्या, “आज प्रयोगांची वर्षंसुद्धा पाठ झाली. निरीक्षणगृहातल्या पोरींना विचारायला लावते, त्या पुस्तक धरून बसतात.” चेहरा उजळला होता त्यांचा. मला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणजे दिसत होतं, इतकंच.

गुरुवारी त्यांचा पेपर होता. त्याआधीच्या मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला उमराणी सर आले. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, कुमुदताई. सरांनी कापडी पिशवीतून दोन पुस्तकं काढून माझ्यासमोर ठेवली, म्हणाले, “ही दोन जमा करा, बाकीची दोन राहू देत. मी जरा आत रॅकवर बघून येतो. कुमुद, तू इथंच थांब हं. इथं, तेरदाळ्यांजवळ.”

कुमुदताई पंधरा वर्षं आमच्याकडे येत होत्या. दर शनिवारी कादंबऱ्या न्यायच्या. विमल आजारी होती तेव्हा त्यांनी माझ्या हाती दोनदा डबा पाठवला होता. त्या दिवशी साडी नीट नेसलेली होती, केस विंचरलेले होते, पण हाताशी पर्स नव्हती आणि हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

“बसा ना वहिनी,” मी म्हणालो.

त्या माझ्याकडं बघून हसल्या. अनोळखी माणसाकडं बघून हसतात तसं. मग काउंटरवर किंचित वाकून हळूच म्हणाल्या, “अहो, तुम्ही इथलेच ना? आमचे उमराणी सर कुठं भेटतील, सांगता का? उंच आहेत. चष्मा आहे.”

“ते आत गेलेत. आत्ता येतील.”

“बरं झालं बाई. मी किती वेळची शोधतेय.”

मिनिटभरानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्याच शब्दांत, तसंच वाकून. मीही पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तोवर सर रॅकमधून बाहेर आले होते. “मी इथंच आहे, कुमुद,” ते म्हणाले आणि त्यांनी कुमुदताईंचा हात आपल्या हातात घेतला.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“दिवाळीपासून वाढलंय. त्याआधी मला वाटायचं, विसराळूपणा आहे, दुसरं काय.” सरांनी चष्मा पुसला. “डॉक्टर म्हणतात, औषध नाही यावर. म्हणून ही पुस्तकं. पस्तीस वर्षं हेच शिकवलं, आता पहिल्यांदा नीट वाचतोय. उपयोग होतोय असं नाही, पण वाचायला तरी पाहिजे ना काहीतरी.”

“मला वाटलं, पेपरासाठी,” मी बोलून गेलो.

“पेपर? छे हो. यंदा मी कसला पेपर काढतोय? डिसेंबरातच कळवलं त्यांना, जमणार नाही म्हणून. बाहेरच्या कुणाला तरी दिला असेल.”

ते गेले. दोन पुस्तकांच्या कार्डांवरच्या त्यांच्या नावावर मी रेघ मारली, कार्डं खिशात घातली. मला कुमुदताईंचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. डोक्यात एकच गोष्ट आली, की इंगवलेबाई वर बसल्यात.

मंगळवार सकाळचे पावणेदहा वाजले होते. पेपर गुरुवारी अकराला. हातात दोन दिवसांहून थोडा जास्तच वेळ होता. काउंटर सहकाऱ्यावर सोपवून मी जिना चढायला लागलो. एरवी मी वर कधी जात नसे. वरचं सगळं शिपाई बघायचे, आणि मला खालूनच सगळं कळायचं असा माझा तोरा होता.

अभ्यासिका गच्च भरली होती. लांब टेबलं, टेबलांवर पाण्याच्या बाटल्या, डबे, जागा अडवायला ठेवलेली दप्तरं. मी दारात दिसलो तशी चार-पाच डोकी वर झाली. एका मुलानं उठून मला खुर्ची दिली. मागून कुणीतरी कुजबुजलं, “तेरदाळे सर आलेत रे.” मी खुर्ची घेतली नाही. टेबलांमधून वाट काढत खिडकीजवळ गेलो. तिथं इंगवलेबाई बसल्या होत्या.

“सर! तुम्ही वर?”

“पंखा बघायला आलो. तक्रार होती.”

“पंखा चालू आहे की सर,” त्या वर बघून म्हणाल्या.

“हो. चालू आहे.”

त्यांच्यासमोर दोन वह्या होत्या. दोन्ही भरलेल्या. ‘विस्मरण’ असं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून खाली लाल रेघ मारली होती. त्यांनी वही माझ्याकडं फिरवली.

“दुसऱ्यांदा झालं सगळं. आज-उद्या आणखी एकदा करते. कुठूनही विचारा.”

आजूबाजूची मुलं ऐकत होती. वाचायचं सोंग करत होती, पण पानं उलटत नव्हती. त्यातल्या निम्म्यांना मी त्याच महिन्यात पुस्तकं काढून दिली होती. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, बाई, जरा खाली या, काम आहे. खाली नेऊन सांगायचं, माझी चूक झाली, हे ठेवा बाजूला आणि भावना नि प्रेरणा काढा. दोन वाक्यं होती. ती माझ्या तोंडात तयार होती. पण बाई परत वर येणार, मुलं विचारणार, काय झालं, तेरदाळे सर काय म्हणाले. मग तेरदाळ्यांना काही कळत नाही, नुसती कार्डं बघतात आणि ठोकून देतात, हे दुपारपर्यंत वसतिगृहात पोचणार. मी हाच विचार केला. दुसरा केला नाही.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं आणि त्या माझ्याकडं बघत होत्या.

“छान,” मी म्हणालो. “चांगली तयारी झालीय.”

मी खिडकीची कडी उगीच एकदा हलवून बघितली आणि मूग गिळून खाली आलो.

त्या दिवशी दुपारी दोनला त्या डबा खायला उतरल्या तेव्हा काउंटरवरून गेल्या. सांगता आलं असतं. संध्याकाळी सहाला पुस्तक परत करायला आल्या, तेव्हा काउंटरशी दुसरं कुणीही नव्हतं. “येते सर,” म्हणाल्या. मी पुस्तक घेतलं, ओळखपत्र परत दिलं. बुधवारी सकाळी आठला आल्या आणि तेच पुस्तक मागितलं. मी तेच दिलं. मनाची मी समजूत घातली होती, की बाहेरच्या परीक्षकानं विस्मरणावर विचारलं नसेलच कशावरून? आठातलं प्रकरण आहे ते. येऊही शकेल. हे मी स्वतःला दोन दिवसांत शंभर वेळा सांगितलं असेल.

गुरुवारी दुपारी दोनला पेपर सुटला. तीनच्या सुमाराला मानसशास्त्राचा एक मुलगा आला, त्याच्याकडून मी पेपर मागून घेतला. पाच प्रश्न होते. पहिला भावनेवर. चौथा प्रेरणेवर. स्मृती नाही, विस्मरण नाही, साधी टीपसुद्धा नाही. मी घडी घालून पेपर त्याला परत दिला. “कसा होता?” मी विचारलं. “सोपा होता सर,” तो म्हणाला.

इंगवलेबाई त्या दिवशी आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. एप्रिल सरला, मे गेला. व्हरांड्यातली बाकं आत घेतली. मला झोप नीट लागायची. जेवण जायचं. आपल्या हातून काय झालंय हे मला नेमकं ठाऊक होतं, एखाद्या पुस्तकाचा क्रमांक ठाऊक असावा तसं. पण ते कुठं दुखत नव्हतं. मी वाट बघायचो, आज दुखेल, उद्या दुखेल. विमलच्या वेळीही अशीच वाट बघितली होती.

जूनअखेर निकाल लागला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नवीन प्रवेश सुरू झाले, ग्रंथालयाची कार्डं काढायला काउंटरपुढं पार दारापर्यंत रांग होती. त्या रांगेतून पुढं सरकत इंगवलेबाई माझ्यासमोर आल्या. हातात त्यांचं वाचक कार्ड होतं.

“हे जमा करायचंय सर.”

मी कार्ड घेतलं. “निकाल?” मी विचारलं. मला तो माहीत होता. यादी पहिल्याच दिवशी बघितली होती.

“चौतीस. चाळीस पाहिजे होते.” आवाज साधा होता. “तीनच प्रश्न लिहिले. बाकीचे दोन वाचून बघितले, पण काय लिहिणार?”

“आणि ती जागा?”

“दुसऱ्या बाईंना मिळाली. मागच्या सोमवारी राहायला आल्या त्या क्वार्टरमध्ये. चांगल्या आहेत. मला ठेवलंय अजून, तात्पुरतं.”

“पुन्हा बसणार?”

“पहिल्यापासून? दोन वर्षं?” त्यांनी मान हलवली. “भाऊ आता नको म्हणतोय. त्याचं तरी काय चुकलं.”

मी रजिस्टरमध्ये त्यांचं नाव शोधायला लागलो. नाव सापडलं, तरी पानं उलटत राहिलो. मागचा मुलगा चुळबुळ करत होता.

“सर, एक विचारू?”

“विचारा की.”

“त्या मंगळवारी तुम्ही वर आला होता. मला काहीतरी सांगायला आला होता ना?”

मी मान वर केली. त्या चिडल्या नव्हत्या. रोज सकाळी काउंटरशी उभ्या राहत तशाच उभ्या होत्या.

“हो,” मी म्हणालो.

“मला वाटलंच होतं. तुम्ही कधी वर येत नाही.” त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. “मी पेन ठेवून बसले होते सर. म्हटलं, आता सांगतील. तुम्ही जिना उतरून गेलात तरी थांबले होते. मग मनात आलं, काही असतं तर सरांनी सांगितलं असतं की. आपलं भित्रं मन, दुसरं काय. आणि मग तेच परत वाचायला घेतलं.”

मी रजिस्टरमधल्या त्यांच्या नावावर रेघ मारली.

“भावनेचं प्रकरण बावीस पानांचं आहे,” बाई म्हणाल्या. “परवा मोजली मी. बुधवार अख्खा होता माझ्या हातात. सहा मार्क तरी मिळाले असते, नाही का हो?”

त्यांनी उत्तराची वाट बघितली. खरंच विचारत होत्या त्या. मला वाटतं, त्यांना तेवढं एकच जाणून घ्यायचं होतं. उत्तर मला माहीत होतं. मिळाले असते.

याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मी निवृत्त झालो, उमराणी गेले, कुमुदताई त्यांच्या आधीच गेल्या. त्या वर्षानंतर काय वाचू म्हणून कुणी विचारलं की मी सांगायचो, सगळं वाच. मुलं वैतागायची, पुढं पुढं यायची बंद झाली. यातलं मी कुणाला काही सांगितलेलं नाही, मुलीलासुद्धा नाही. आणि यातलं सर्वांत वाईट जे आहे ते मी पुस्तक चुकीचं दिलं हे नाही, जिन्यावरून तसाच खाली आलो हेही नाही. ते त्यानंतरचं आहे.

बाई उत्तरासाठी माझ्याकडं बघत उभ्या होत्या तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरून मागं बघितलं. मागचा मुलगा फॉर्म भरत होता. त्याच्यामागच्या दोघी आपापसात बोलत होत्या. आमचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. विमल गेल्यापासूनच्या दोन वर्षांत मला पहिल्यांदाच आत काहीतरी वाटलं, अगदी स्पष्ट, छातीपासून पोटापर्यंत. मला बरं वाटलं.